पाटाकाठचे झाड

काही वर्षांपूर्वी साताऱ्याला एका अंत्यविधीला गेलो होतो. बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे निधन झाले होते. ते आमच्या शाखेत कॅशियर होते. पण वडील मिशनच्या शाळेत शिक्षक आणि स्वतःचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सगळी शाखा त्यांना 'मास्तर'च म्हणायची. पाळकसाहेबांनी शवपेटीशेजारी उभे राहून बायबलमधले पहिले स्तोत्र वाचले. नीतिमान माणूस पाण्याकाठी लावलेल्या झाडासारखा असतो आणि दुर्जन वाऱ्यावर उडणाऱ्या भुसासारखे असतात, असा त्याचा गाभा. वाचन दोन मिनिटांत संपले. मी मात्र एकदम पस्तीस वर्षे मागे गेलो. कारण याच दोन प्रतिमांवरून मास्तरांचा आणि माझा एकदा चांगलाच खटका उडाला होता. त्या वादात मी हरलो होतो, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. नोकरीभर शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही उद्योगांत 'मला माणूस ओळखता येतो' असा दावा करावा लागतो. हे स्तोत्र मला त्या दाव्याबद्दलच काहीतरी सांगते, असे आता वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्तोत्रसंहिता हा बायबलच्या जुन्या करारातला ग्रंथ. त्यात दीडशे स्तोत्रे आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांना ती सारखीच पूज्य. कित्येक स्तोत्रांवर दावीद राजाचे नाव आहे. पहिल्यावर मात्र कुणाचेच नाही. अवघी सहा वचने. पुस्तकाच्या दारावर पाटी लावावी तसे ते सुरुवातीला आहे. धन्य माणूस कोणता, तर जो दुर्जनांच्या सल्ल्याने चालत नाही, पाप्यांच्या वाटेत उभा राहत नाही आणि टवाळखोरांच्या बैठकीत बसत नाही. चालणे, उभे राहणे, बसणे! वाईट संगतीत माणूस कसा टप्प्याटप्प्याने रुळतो, ते तीन क्रियापदांत आले. मग तो धन्य माणूस करतो काय? परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. मूळ हिब्रूत या मननासाठी जो शब्द आहे, तोच बायबलमध्ये अन्यत्र पारव्याच्या घुमण्यासाठी आणि सिंहाच्या गुरगुरण्यासाठीही आला आहे. म्हणजे हे मनन मुकाट्याने करायचे नाही. ओठांत पुटपुटत, घुमत करायचे आहे. पहाटे हरिपाठ गुणगुणत सडा घालणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता ते झाड. आपण शहरातली माणसे 'पाण्याकाठचे झाड' म्हटले की कॅलेंडरवरचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. झुळझुळ वाहणारी नदी, काठावर डेरेदार वृक्ष, मागे डोंगर. पण ज्या देशात हे स्तोत्र रचले गेले, तिथे अशी नदी दुर्मीळच. जेरुसलेमच्या डोंगराळ भागात वर्षाला सरासरी 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. उन्हाळ्याचे महिने कोरडे ठणठणीत. हा आकडा वाचून सातारा-सांगलीच्या माणसाला काय आठवावे? महाबळेश्वर नव्हे. तिथे 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आठवावा तो माण, आटपाडी, जत हा पूर्वेकडचा पट्टा. तिथल्या पावसाचा आकडा जेरुसलेमच्या जवळ जाणारा, पुष्कळदा त्याहून कमीच. माळ, खडक, मेंढरांचे कळप, घोंगडी पांघरलेला धनगर. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त जो मुलूख अजरामर केला, तो बायबलच्या मेंढपाळांना परका वाटला नसता.

अशा मुलखात हिरवे झाड आपोआप उगवत नाही. आणि स्तोत्रकारही ते उगवले असे म्हणत नाही. हिब्रू जाणणारे सांगतात की त्याने वापरलेला शब्द 'लावलेले' असा आहे, आणि त्यात एका जागचे उपटून दुसरीकडे रोवले, असा अर्थ आहे. पाण्यासाठी जो शब्द आहे, त्याचा धातू 'विभागणे' हा. म्हणजे ही भरून वाहणारी नदी नव्हे. वाटून, फोडून, वळवून आणलेले पाणी. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे: पाट. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातला माळी आणि त्याच्या मागून निमूट जाणारे पाणी मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्याच जातीचे हे पाणी.

हा फरक शब्दांचा कीस काढण्यापुरता नाही. झाड रानात आपल्या बळावर वाढले असेल, तर त्याची हिरवाई हे त्याचे कर्तृत्व. पण ते कुणीतरी आणून लावले असेल आणि पाटही कुणीतरी खणला असेल, तर त्या हिरवाईचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. माझ्या नोकरीत हाच हिशेब माझा चुकला.

नोकरीच्या सुरुवातीला, 1980च्या दशकात, मी वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा ब्रिटिश अमदानीतला, 1860च्या दशकातला. पुढे उपसा योजना आल्या, साखर कारखाने आले. उसाचे बिल कारखान्यातून निघाले की कर्जाचा हप्ता परस्पर बँकेत जमा. वसुली जवळपास शंभर टक्के! वरिष्ठ कार्यालयाने माझे अभिनंदन करणारे पत्र पाठवले. ते मी घडी करून पाकिटात ठेवले होते. माणसे ओळखून कर्ज देतो म्हणूनच वसुली होते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मग बदली झाली ती आटपाडी तालुक्यातल्या एका गावी. वर्ष 1986. त्या वर्षी पाऊस नाही, पुढच्या वर्षीही जेमतेम. वसुलीचा तक्ता पाहून ज्या कार्यालयाने अभिनंदन केले होते, त्याच कार्यालयाचे खुलासा मागणारे पत्र आले. मी तोच होतो, अर्ज तपासण्याची पद्धतही तीच होती. शाखा बदलली होती, एवढेच. मराठीत झाडाच्या फांदीला आणि बँकेच्या कार्यालयाला एकच शब्द आहे याची गंमत तेव्हा वाटली नाही, आता वाटते. वाळव्यातली माझी शाखा पाटाजवळ होती, म्हणून हिरवी होती.

पण त्या वेळी हा धडा मी घेतला नाही. उलट, ही माणसेच कर्ज बुडवणारी, असे ठरवून मोकळा झालो. त्याच सुमारास एक साठीचा शेतकरी आला. डोक्याला मळका फेटा, पायांत टायरच्या वहाणा. विहीर खोल करायची आणि चाळीस डाळिंबे लावायची, एवढ्यासाठी कर्ज हवे होते. रोपे कुठून आणायची, खड्डा केवढा घ्यायचा, सारे त्याला तोंडपाठ. मी जागा पाहून आलो. विहिरीच्या तळाशी खडक. परत येऊन अर्जावर शेरा मारला: 'पाण्याची शाश्वती नाही. प्रस्ताव नामंजूर करावा.' नियमाने पाहिले तर शेऱ्यात काडीची चूक नव्हती.

चूक पुढे झाली. म्हातारा निघून गेल्यावर मी मास्तरांना म्हणालो, "अशांना कर्ज म्हणजे वाऱ्यावर भुसा. आज इथं, उद्या मुंबईला पसार."

मास्तर नोटा मोजत होते. ती गड्डी पुरी मोजून, रबर लावून त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "साहेब, रागावू नका. कर्ज नाकारलंत, तो तुमचा अधिकार. पण त्याला भुसा म्हणू नका. आमच्या शास्त्रात भुसा कुणाला म्हटलंय ते मला ठाऊक आहे. हा माणूस झाड आहे. पाट नाही, हा काय त्याचा गुन्हा?"

मी चिडलो. "मास्तर, शास्त्र चर्चमध्ये. इथं सातबारा," असे काहीसे बोललो. ते पुन्हा नोटा मोजू लागले.

भुसा म्हणजे काय, हे खरे तर मला कुणी शिकवायला नको होते. माझे बालपण खेड्यातले. खळ्यावर मळणी झाली की वाऱ्याची वाट पाहत बसायचे. वारे सुटले की तिवईवर उभा राहून गडी सूप तिरपे धरायचा. जड दाणा सरळ खाली पडे. काड, भुसकट थोडे पलीकडे पडे. ते आम्ही गोळा करून गुरांना घालत असू, त्यातले काही वाया जात नसे. आणि सगळ्यात हलके असे जे फोल, अंगाला खाज आणणारे, ते दूर उडून जाई. ते ना माणसाच्या कामाचे, ना जनावराच्या. हिब्रूत या दोहोंना दोन निरनिराळे शब्द आहेत: गुरांच्या वैरणीत जाते ते 'तेवेन' आणि उडून जाते ते 'मोत्स'. स्तोत्रात आहे तो 'मोत्स'. मराठीत आपण दोन्हींना 'भूस' म्हणून टाकतो आणि घोटाळा होतो. दुष्काळात ज्या भुसकटावर घरची बैलजोडी जगते, त्याला हलके म्हणायला स्तोत्रकार काही शहरी माणूस नव्हता. त्याने निवडले ते अगदी निःसत्त्व, ज्याच्यात वजनच नाही असे. संकटाच्या वाऱ्यात घर सोडावे लागलेला गरीब माणूस तो नव्हे. टवाळांच्या बैठकीत बसून दुसऱ्याला हलके ठरवणारा, तो तो. त्या दिवशी खुर्चीत कोण बसले होते, हे आता सांगायला नको.

1972च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. त्या वर्षी आमच्या खळ्यावर वाऱ्याला उडवण्यापुरतेही काही आले नाही. माणसे खडी फोडायला गेली. ती सारी दुर्जन होती काय?

इथे एक प्रामाणिक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. स्तोत्र स्पष्ट म्हणते की असा माणूस जे जे करतो ते सिद्धीस जाते. याचा उलटा अर्थ फार सोपा: ज्याचे फसले, तो नीतिमान नसणार. पोट भरलेल्यांना हा अर्थ सर्व धर्मांत, सर्व काळांत आवडत आला आहे. 'गतजन्मीचे पाप' म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. पण स्तोत्रसंहिता पुढे वाचत गेले की हा सोपा अर्थ टिकत नाही. बाविसावे स्तोत्र सुरूच होते ते देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने. त्र्याहत्तराव्यात कवी उघड कबूल करतो की दुर्जनांची भरभराट पाहून आपल्याला हेवा वाटला, पाय घसरायचाच बाकी होता. ज्यांनी ही स्तोत्रे एका पुस्तकात बांधली, त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे नाही. पहिले स्तोत्र हा त्या घराचा उंबरठा आहे. उंबरठ्यालाच घर समजू नये.

शिवाय झाडाच्या प्रतिमेतच एक लगाम आहे. झाड फळ देते ते 'आपल्या हंगामात'. बारमाही नव्हे. पान कोमेजत नाही, एवढेच आश्वासन बारा महिन्यांचे. फळाचे आश्वासन हंगामापुरते. आणि फळ झाड स्वतः खात नाही. चाळीस डाळिंबे लावू पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, झाडे धरायला लागतील तोवर आपण असू की नाही, याची खात्री नव्हती. मला त्याचा सातबारा दिसला, हे दिसले नाही.

त्याचे पुढे काय झाले? मुंबईला पसार वगैरे काही झाले नाही. तो तिथेच राहिला, तिथेच गेला. त्याचा धाकटा मुलगा मात्र एका पाहुण्याबरोबर दक्षिणेकडे गेला, गलाईच्या धंद्यात. खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यात देशभर पसरली आहेत. ज्या शहराची भाषा येत नाही तिथे भट्टीपुढे बसायचे, तिथली भाषा शिकायची, हिशेबात चोख राहायचे आणि गावच्या जत्रेला न चुकता यायचे. दुष्काळाच्या वाऱ्याने ही पोरे उडवली खरी, पण ती फोल नव्हती, रोपे होती. एका वाफ्यातून काढून दुसऱ्या वाफ्यात लावलेली. स्तोत्रातल्या 'लावलेले' या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशापेक्षा या पोरांनी अधिक नीट समजावला.

मास्तरांना साताऱ्याचा अभिमान दोन गोष्टींसाठी होता: एक अजिंक्यतारा आणि दुसरे रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मले, 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आयुष्याची अखेरची वर्षे साताऱ्यात काढली. 1917 साली मिशनच्या पगारी कामातून मोकळे होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' हा आपला मार्ग सुरू केला. 1919 साली ते गेले. मराठीने त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हटले. परक्या चालींवरची गाणी गाऊन ख्रिस्त मराठी माणसाच्या काळजात उतरणार नाही. त्यासाठी अभंग हवा, भजन हवे, इथली माती हवी, हे त्यांनी ओळखले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924 साली, ते प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. या दोघांची नावे इथे घेतो ती एवढ्यासाठी, की दूरच्या देशातली प्रतिमा आपल्या मातीत रुजवायची तर ती आपल्या शेतात नेऊन पाहावी लागते. तसे केले की ती कुठल्या एका धर्माची उरत नाही, शेतकऱ्याची होते.

आणि शेतात नेऊन पाहिले, तर या स्तोत्रातले पाणी आजही आपल्याला प्रश्न विचारते. ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, निम्मे शहर पाण्यात. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. नदीकाठी होती म्हणून झाडे वाचली नाहीत. उलट नदीकाठचीच वाहून गेली. पाणी नुसते असून भागत नाही, ते वाटले जावे लागते. स्तोत्रकाराने 'विभागलेले पाणी' हा शब्द निवडला त्यात केवढे शहाणपण होते! एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो पाट रुळांवरून गेला, एवढेच. येरळेच्या काठी, खानापूर तालुक्यात बळवडीला, 1980च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी चळवळ करून बळीराजा धरण उभे केले. तिथे पाण्यात भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. त्यांच्यापैकी कुणी पहिले स्तोत्र वाचले होते की नाही, याने काही बिघडत नाही. त्यांनी पाटाची बाजू घेतली.

गेल्या काही वर्षांत कराडजवळच्या टेंभू योजनेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलत आटपाडी तालुक्यात आले. मध्यंतरी मी मुद्दाम त्या गावी गेलो. जिथे मी 'शाश्वती नाही' असा शेरा मारला होता, त्या रानात आज डाळिंबे उभी आहेत. म्हाताऱ्याच्या थोरल्या नातवाने लावलेली. गलाईवाल्या चुलत्याने पैसे पुरवले. मी कोण ते सांगितले, शेऱ्याचेही सांगितले. तो हसला. "आजोबा सांगायचे, बँकेचे साहेब रान बघायला आले होते, तेवढं तरी आले," म्हणाला. मला काय उत्तर द्यावे सुचेना. त्याने पिशवीत चार डाळिंबे घालून दिली.

म्हणून सांगावेसे वाटते ते इतकेच. रविवारी सकाळी चहा घेत हे पान वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची पाने आज हिरवी आहेत. मुले शिकली, डोक्यावर छप्पर आले. हे आपल्या सद्गुणांचे फळ आहे, असे म्हणायचा मोह होतो. मलाही झाला होता, पाकिटात पत्र ठेवण्याइतका. तेव्हा एकदा मागे वळून पाहावे. कुणाच्या आईने दागिने मोडून फी भरली असेल, कुणाला मास्तरांनी घरी बोलावून शिकवले असेल, कुणाच्या गावात शंभर वर्षांपूर्वी खडी फोडणाऱ्या हातांनी कालवा खणला असेल. आपला पाट कुणी खणला, ते आधी पाहावे. आणि मगच शेजारच्या वाळलेल्या झाडाला नाव ठेवावे. बहुधा मग ठेवावेसे वाटणार नाही.

अंत्यविधीनंतर मास्तरांच्या मुलीने मला घरी नेले. "बाबांनी हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं, काका," म्हणत तिने त्यांची जुनी स्तोत्रसंहिता हातात ठेवली. कडा झिजलेल्या, पाने पिवळी पडलेली. पहिल्याच पानावर, झाडाच्या वचनाशेजारी, समासात त्या मोत्यासारख्या अक्षरात शिसपेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: 'पाट कुणाचा?'

खाली तारीख होती. तो अर्ज मी नामंजूर केला, त्याच आठवड्यातली.